तांबडी धूळ

"अकरा," डोंगरवार सर म्हणाले. "आता बारा. मोजताय ना हटवार?"

मोजत होतो. संगणकाच्या पेटीतून एक लांबलचक बीप यायची, क्षणभर थांबायची आणि पुन्हा यायची. आतला पंखा फिरत होता, पेटीवरचा हिरवा दिवा लागला होता, पण पडदा काळाठिक्कर. मॉनिटरच्या कोपऱ्यातला दिवा तेवढा नारिंगी होऊन मिचमिचत होता. दाराबाहेर आमच्या चपलांचा ढीग पडला होता आणि आत आम्ही चौघे अनवाणी, हात बांधून उभे होतो.

"बारा बीप म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही सर."

"तुम्ही कोर्स केलाय."

"केलाय सर. पण कोर्समधला संगणक चालू व्हायचा."

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूरपासून चार तासांवरचं आमचं गाव, गावात एकच हायस्कूल आणि हायस्कुलात हा एकच संगणक. मी तिथे कारकून होतो, तोही कच्चा. मार्चमध्ये दोन वर्षं भरली की कायम होणार होतो, पण मुख्याध्यापक म्हणून डोंगरवार सरांनी माझ्या नावापुढे 'योग्य' असं लिहिलं तरच. तीन महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र माझ्यापाशी असल्यामुळे मी गावचा संगणकतज्ज्ञ ठरलो होतो. लोक मला रस्त्यात अडवून टीव्हीचा रिमोट दाखवायचे.

संगणकाची बडदास्त अशी होती की ती पाहून गावातल्या पुजाऱ्याला हेवा वाटावा. त्याला वेगळी खोली होती, खोलीला कुलूप होतं, अंगावर निळ्या मखमलीचं पांघरूण होतं. चपला बाहेर काढायच्या, आत मोठ्याने बोलायचं नाही, शिंक आली तर खिडकीकडे तोंड करायचं. विद्यार्थ्यांना दर शनिवारी रांगेने खिडकीतून त्याचं दर्शन घडवलं जाई. आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला एक संगणक देखभाल समिती होती. डोंगरवार सर अध्यक्ष, विज्ञानाचे कुथे सर सचिव, आणि व्यायामाचे गोतमारे सर सदस्य. कारण कधी उचलून न्यायची वेळ आली तर माणूस दणकट हवा. मी निमंत्रित होतो, म्हणजे काम मी करायचं आणि सही समितीने.

एरवी तो संगणक आठवडाभर बंद राहिला असता तरी कुणाचं काही अडलं नसतं. अडलं ते त्या सोमवारीच, कारण शेवंताबाईचा प्रस्ताव त्याच्या पोटात होता.

शेवंताबाई नेवारे आमच्याकडे अकरा वर्षं 'तात्पुरती' शिपाई होती. सकाळी साडेसहाला येऊन बारा खोल्या झाडायची, पाणी भरायची, घंटा द्यायची. नवरा नव्हता, एक मुलगी नर्सिंगला घातली होती. दसऱ्याआधी शिपायाची एक जागा मंजूर झाली होती आणि तिच्या नावाचा प्रस्ताव त्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत जिल्ह्याला पोचायचा होता. साडेतीनची बस चुकली की जागा गेली. शिवाय त्याच वर्षी एक परिपत्रक आलं होतं, की हस्तलिखित अथवा टंकलेखन यंत्रावरील प्रस्ताव स्वीकारला जाणार नाही, संगणकावरीलच हवा. गुरुवारी मी तो टंकून ठेवला होता. शेवटी 'मुख्याध्यापकांचा अभिप्राय' असा रकाना होता, त्यात सरांनी सांगितल्याप्रमाणे 'काम चोख, समाधानकारक, शिफारस आहे' असंही घातलं होतं. फक्त छापायचं बाकी होतं. शुक्रवारी खंडेनवमी, शनिवारी दसरा, मग रविवार. म्हटलं सोमवारी सकाळी छापू.

आणि सोमवारी हे असं.

"एक थाप देऊन बघू का?" गोतमारे सरांनी विचारलं. "आमच्या घरचा रेडिओ थापेनंच लागतो."

"थांबा," कुथे सर म्हणाले. "हा व्होल्टेजचा प्रश्न आहे. गावाला करंट कमी येतो. पंखा फिरवण्यापुरता येतो, चित्र दाखवण्यापुरता येत नाही."

त्यावर शाळेतले सगळे पंखे आणि दिवे बंद करून सगळा करंट संगणकाकडे वळवण्यात आला. नववीचा वर्ग अंधारात बसला. संगणकाने बीप दिली. मग मी मॉनिटरची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली, दुसऱ्या प्लगमध्ये घातली, चालू-बंद केली. बीप. गोतमारे सरांनी सर्वांची नजर चुकवून एक थाप दिलीच. ती बीप जरा लवकर आली, असं त्यांचं म्हणणं.

मी ऑफिसात जाऊन जिल्ह्याच्या दुकानात फोन लावला. पलीकडचा मेकॅनिक कुठेतरी जेवत असावा.

"बीप लांब का आखूड?"

"लांब. सारख्या येतायत."

"मग रॅम आहे. पेटी उघडा, रॅमची पट्टी काढा, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासा आणि परत बसवा. खाचेत काही गेलंय का ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे. मी यायचो तर गुरुवारी येईन."

मी परत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. डोंगरवार सरांचा चेहरा उतरला.

"खोडरबर?" ते म्हणाले. "तीस हजारांच्या यंत्राला खोडरबर? चेष्टा करतोय तो तुमची. आणि पेटी उघडायची म्हणजे समितीचा ठराव हवा. उद्या कोणी विचारलं, कोणाच्या परवानगीनं उघडली, तर?"

मी कुथे सरांकडे पाहिलं. कुथे सरांनी छताकडे पाहिलं. कारण शुक्रवारी ती पेटी कुठल्याही ठरावाशिवाय उघडली होती, आणि उघडणारा मी होतो.

शुक्रवारी काय झालं होतं, ते आता सांगून टाकतो. खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येकजण आपल्या हत्याराची पूजा करतो. शिंपी मशीनची, सुतार रंध्याची. शाळेत त्या वर्षी संगणकाची मांडली होती. झेंडूच्या माळा, उदबत्ती, नारळ. मी पेटीला कुंकू लावणार तोच डोंगरवार सर म्हणाले, "अहो, ही तर नुसती पेटी झाली. तलवारीची पूजा करायची सोडून म्यानाची करतो का कोणी? यातलं मुख्य काय ते दाखवा."

मला तज्ज्ञ म्हणून कुणी काही विचारलं की माझा तोल जायचा. मी पेचकस आणला, पेटी उघडली आणि रॅमची पट्टी उपसून म्हणालो, "ही याची स्मरणशक्ती, सर."

सरांना ते फार आवडलं. विद्येच्या मंदिरात स्मरणशक्तीची पूजा, याहून उचित काय? पट्टी ताम्हनात ठेवली गेली. सरांनी तिच्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले, कालवलेल्या कुंकवाची पाची बोटं ओढली, अक्षता वाहिल्या. मग कुथे सरांनी, गोतमारे सरांनी. मी पण. नंतर मी ती तशीच, पुसली तर पूजा मोडेल म्हणून न पुसता, खाचेत दाबून बसवली. आणि त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नसतं, म्हणून कोणी बटण दाबून पाहिलंच नाही. शेवंताबाई तेव्हा व्हरांड्यात प्रसादाच्या पुड्या बांधत होती. पूजेनंतर तिने खोलीतल्या पाकळ्या झाडल्या, फरशी पुसली आणि कुलूप लावून किल्ली ऑफिसात आणून दिली.

"शुक्रवारी खोलीत शेवटी कोण होतं?" डोंगरवार सरांनी एकदम विचारलं.

कुणी काही बोलण्याआधी त्यांनीच दाराकडे पाहून हाक मारली, "शेवंता!"

ती चपलांच्या ढिगापाशीच उभी होती. तिच्या हातात घंटेचा हातोडा तसाच होता.

"फरशी कशानं पुसलीस शुक्रवारी?"

"फडक्यानं जी सर."

"ओल्या?"

"पुसाले त ओलंच लागते ना जी."

"ऐका," सर समितीला म्हणाले. "ओलं फडकं. विजेचं यंत्र आणि ओलं फडकं!"

"मी त यंत्राले हात बी नाही लावला जी. खाली फरशी पुसली. तुमीच सांगतलं होतं, टेबलाले हात लावाचा नाही म्हून."

"बाष्प वर चढतं," कुथे सर म्हणाले. आता त्यांना करंटपेक्षा हे बरं वाटत होतं. "फरशीवरचं पाणी, त्याचं बाष्प, ते पेटीत. शास्त्रीय आहे."

मी बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "सर, आधी उघडून तर बघू."

"ठराव करून बघू," सर म्हणाले. "जेवणानंतर समितीची बैठक. आणि शेवंता, तुझ्या अभिप्रायाचा मला फेरविचार करावा लागेल. मी 'चोख' असा शब्द वापरलाय."

ते जेवायला घरी गेले. समितीही गेली. घड्याळात एक वाजला होता. शेवंताबाई माझ्याकडे बघत उभी राहिली.

"बाबू, साडेतीनची गाडी हाये."

"माहीत आहे."

"त्या फोनवाल्यानं का सांगतलं, ते करून पाहा ना जी. सरायचं जेवण होऊन झोप होयेपावतर दोन वाजतेत."

मी दार आतून लोटलं. तिने स्क्रू हातात धरले, एकेक मोजून, मुठीत. मी पेटीचं झाकण काढलं, दोन्ही बाजूंच्या कळा दाबल्या आणि पट्टी उपसली. तिच्या सोनेरी दातांवर कुंकू वाळून खपली धरली होती. खाचेच्या तळाशी तांदळाचा एक दाणा अगदी ऐटीत बसला होता.

शेवंताबाई वाकली. तिने आधी पट्टीकडे पाहिलं, मग दाण्याकडे, आणि मग ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. माझ्या दीड वर्षांत मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

"बाबू, हे त कुंकू हाये! अन् हा तांदूय! म्हंजे माह्या पाण्यानं नाही बिघडलं जी!"

"नाही बिघडलं."

"सांगसान ना सरायले?"

"सांगतो ना," मी म्हणालो. आणि ते मनापासून म्हणालो होतो, हे मला आज पण कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

टेबलाच्या खणात खोडरबर होतंच. मी पट्टी घासली. लाल चुरा टेबलावर पडत होता आणि शेवंताबाई तो हाताने गोळा करत होती. तांदळाचा दाणा मी टाचणीने काढला. पट्टी दाबून बसवली, दोन्ही कळा टक् करून मिटल्या. बटण दाबलं. एक छोटी बीप आली, शहाण्यासारखी, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. शेवंताबाईने हात जोडले. मग तिने कोरड्या फडक्याने टेबल पुसून लख्ख केलं, चुऱ्याचा एक कणही ठेवला नाही, आणि तो बाहेर नेऊन टाकला. काम चोख करायची तिला सवयच होती.

दोन वाजता डोंगरवार सर आले, मागे समिती. त्यांनी ठरावाचा कागद लिहूनच आणला होता. पडदा उजळलेला पाहून ते दारातच थांबले.

"वा!" ते म्हणाले. त्यांचा आनंद खरा होता. माणूस मुळात वाईट नव्हता. मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरलेली मी पाहिली आहे. "वा हटवार! कोर्स वाया नाही गेला. काय दोष होता?"

मी घसा साफ केला. वाक्य तयार होतं, पण माझ्याआधी दारातून आवाज आला.

"कुंकू होतं जी सर. अन् अक्षता. म्या माह्या डोयानं पायलं."

ती इतक्या आनंदात बोलली की तिला वाटलं असावं, सगळेच हसतील. कोणी हसलं नाही. गोतमारे सरांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. कुथे सर ठरावाचा कागद वाचू लागले. डोंगरवार सरांचा चेहरा आधी गोंधळला आणि मग कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे," ते हळू म्हणाले, "मी केलेल्या पूजेमुळे संगणक बंद पडला, असं हिचं म्हणणं आहे. अकरा वर्षांत हे ऐकायचं राहिलं होतं." मग ते माझ्याकडे वळले. "हटवार, तुम्ही जाणकार. तुम्ही सांगा. कुंकू होतं?"

सरांचा उजवा हात खिशातल्या पेनावर होता. त्याच पेनाने ते मार्चमध्ये माझ्या नावापुढे काहीतरी लिहिणार होते. आणि पट्टी काढून हातात दिली होती मीच, 'ही स्मरणशक्ती' असं म्हणून. 'हो' म्हटलं की पहिला प्रश्न माझ्यावरच येणार होता.

"कुंकू नाही सर," मी म्हणालो. "धूळ होती."

"धूळ?"

"तांबडी धूळ."

मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. धुळीचा दोष कोणाचाच नसतो. ती आपोआप येते, साचते, कोणाचं नाव घेत नाही. पूजा पण वाचली, शेवंताबाई पण वाचली, मी पण वाचलो, असा माझा हिशेब होता. तो जेमतेम श्वास घेण्याइतका वेळ टिकला.

"धूळ," डोंगरवार सर म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरू लागला. "बघा. आणि खोली कोण झाडतं?"

"बाष्पानं धूळ चिकटते," कुथे सर कागदातून मान वर न काढता म्हणाले.

"बाबू," शेवंताबाई म्हणाली. एवढंच. ती रागावलेली नव्हती. मी काहीतरी विसरलोय आणि आता मला आठवेल, अशा अपेक्षेने ती बघत होती.

मला आठवलं नाही.

"प्रस्ताव काढा पडद्यावर," सर म्हणाले. "अभिप्रायाचा रकाना. मी काही निर्दयी नाही, प्रस्ताव पाठवणार. पण मी खोटं लिहून सही करत नाही, तेवढं मला जमत नाही. लिहा."

मी 'काम चोख, समाधानकारक, शिफारस आहे' यावर एकेक अक्षर मागे जात राहिलो. अक्षरं शेपटाकडून नाहीशी होत गेली. संगणक त्या दिवशी इतका छान चालत होता की एकदाही अडला नाही.

"स्वच्छतेच्या कामी," सर सांगू लागले, "निष्काळजीपणा. त्यामुळे शाळेच्या मौल्यवान यंत्रास बाधा. सबब शिफारस करता येत नाही. 'मौल्यवान'मधला 'मौ' नीट घ्या."

नीट घेतला. प्रिंटर करकरत कागद बाहेर ढकलू लागला. सरांनी सही केली, शिक्का मारला आणि समितीसह चहाला गेले. जाताना माझ्या पाठीवर थाप दिली. शनिवारच्या परिपाठात माझा सत्कार करायचं त्यांनी दारातच ठरवलं, आणि तो खरोखरच झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला.

कागदावर उमेदवाराची सही बाकी होती. तीन वाजायला आले होते. शेवंताबाई आत आली, चपला बाहेर काढूनच. तिला सही करता यायची. मुलीने शिकवली होती. वाचता मात्र येत नसे. तिने 'शेवंता नेवारे' असं सावकाश लिहिलं आणि पेन हातातच ठेवून वरच्या मजकुरावर बोट टेकलं.

"का लिवलं जी इथं?"

त्या शाळेत चौदा माणसं वाचणारी होती आणि ती कागद घेऊन नेहमी माझ्याकडेच यायची. मी वाचून दाखवलं. निष्काळजीपणा, बाधा, सबब, सगळं. वाचताना आवाज माझाच होता. मध्ये एकदा मला थांबावं लागलं, तेव्हा ती म्हणाली, "वाचा ना जी. गाडी जाईन."

वाचून संपलं. तिने मान हलवली. मी कागद लिफाफ्यात घालू लागलो, पण तो सरळ आत जाईना.

"बाबू," तिने विचारलं, "तुमचं मार्चात हाये ना जी, कायमचं?"

"हो."

"होईन मंग," ती म्हणाली. तिने पेनाला टोपण लावलं, ते माझ्यासमोर ठेवलं आणि साडेतीनच्या बसवर लिफाफा द्यायला स्वतःच निघाली.

मार्चमध्ये मी कायम झालो.